पायाच्या नसा दाखवणारं यंत्र आणि माझे ४६,६५० रुपये

आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत पाय तपासणी शिबिर’ भरलं होतं. नोंदणीचे फक्त २०० रुपये. महिला मंडळाने फलक लावलेला, सेक्रेटरी स्वतः खुर्च्या मांडतायत, तिथे संशय कोण घेणार? मी दादरला साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते. संध्याकाळी पोटऱ्या ठणकतात, घोट्याला सूज येते, डाव्या पायावर नसा फुगलेल्या दिसतात. दुखणं खरं होतं, आणि असल्या दुखण्यावरच हे लोक टपून असतात.

पांढरा कोट घातलेल्या मुलाने मला उभं केलं आणि टॉर्चसारखं यंत्र पोटरीवर धरलं. कातडीवर हिरवा उजेड पडला आणि त्यात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळ्या रेषांचं जाळं उमटलं. “काकू, काळं दिसतंय ना, तिथे ब्लॉकेज. रक्त साकळलंय. उद्या गुठळी फुफ्फुसात गेली तर?” स्वतःच्या पायावर असं बघून कोणाचेही हातपाय गळतील.

संतापाची गोष्ट ही की यंत्र खरं होतं. हॉस्पिटलात लहान मुलांची नस सापडत नाही तेव्हा सलाइन लावायला हेच वापरतात. ते डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतं. नसेतलं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त तो प्रकाश जास्त शोषतं, आजूबाजूचं मांस परत फेकतं. कॅमेरा हा फरक टिपतो आणि तेच चित्र कातडीवर पाडतो. काळी रेघ म्हणजे तिथे नस आहे, बस. तीही फार तर सेंटीमीटरभर खोलीपर्यंतची. रक्त वर चाललंय की खाली उतरतंय, रक्त खाली परतू न देणारी नसेतली झडप गळतेय का, खोल नसेत गुठळी आहे का, यातलं काहीही त्यात कळत नाही.

माझा एकोणीस वर्षांचा मुलगा सोबत होता. त्याने सहज पाय पुढे केला. रोज फुटबॉल खेळणारा पोरगा, आणि त्याच्या पोटरीवर तेच जाळं! कोटवाल्या मुलाने झटकन यंत्र बंद केलं आणि म्हणाला, “आनुवंशिक आहे, लवकर कळलं ते बरं.” तिथेच उठून यायला हवं होतं. धडधाकट पायावर तेच दिसतं, तर ते दुखणं कसं? आजही रात्री तेच डोळ्यांसमोर येतं. पण व्हेरिकोज, म्हणजे नसा फुगण्याचं दुखणं, घराण्यात चालतं हे खरंच आहे, माझ्या आईला होतं, म्हणून पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

त्यांच्याकडे उपचारांचं पॅकेज घेतलं, ३८,५०० रुपयांचं. १०,००० रोख, उरलेले २८,५०० हप्त्यांवर, महिना २,३७५. वर तेलाच्या तीन बाटल्या, १,८५० ची एक, म्हणजे ५,५५०. मोजे २,४००. मोज्यांचं मापसुद्धा घेतलं नाही. दाबाचे मोजे घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजूनच घ्यायचे असतात, हे लक्षात ठेवा.

शेवटी ‘नंतरचा फोटो’ काढला. रेषा निम्म्याने गायब. मी खूश! पहिला फोटो उभं करून काढला होता, हा झोपवून, पायाखाली लोड देऊन. पाय वर केला की नसा रिकाम्या होतात, कोणाच्याही. एवढीच त्यांची करामत.

दुखणं तसंच राहिलं म्हणून सरकारी हॉस्पिटलात कलर डॉपलर, म्हणजे नसेतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, केली. उभं करून, पोटरी दाबून. जांघेजवळची झडप गळते आहे, ब्लॉकेज कुठेच नाही. आणि ऐका, एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला तर मालिश अजिबात करू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मला तर रोज चोळायला सांगितलं होतं!

आता तक्रारीचं. पोलीस म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, दिवाणी बाब आहे. डॉक्टरांच्या नोंदणीच्या कार्यालयात गेले तर, तो डॉक्टरच नाही, मग आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे खऱ्या डॉक्टराने चूक केली तर विचारणारा कोणी आहे, आणि कोट घालून फसवणारा मोकळा? दुसऱ्या खात्यात साहेब म्हणाले, यंत्रात दोष नाही ना? मग आमचं काय काम? अहो, यंत्राने नाही फसवलं, माणसाने फसवलं, पण हे ऐकून घ्यायला यातली एकही खिडकी तयार नाही. पावतीवर ‘वेलनेस सेवा’ लिहिलंय, त्यावर सगळ्यांनी हात झटकले. कर्ज देणारी कंपनी म्हणते, सेवा मिळो न मिळो, हप्ता भरा. सेक्रेटरी म्हणतात, हॉल फक्त भाड्याने दिला होता.

शिबिरात कर्जाच्या कागदावर सही करू नका. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तिथल्या तिथे मागा. पावतीवर आजाराचं नाव लिहून घ्या, नाही म्हणाले तर निघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. सारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दावाही करता येतो. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी ज्यांनी पैसे भरले त्यांनी पावत्या, फोटो, हप्त्याचे मेसेज काहीही पुसू नका. लाज वाटते म्हणून गप्प बसलेल्या निदान तिघी मला माहीत आहेत. त्यांनी यावं, मी अर्ज लिहून ठेवला आहे.