कॅमेऱ्यासाठी पहिली जादा लेन्स: ५० एमएम की ७०-३०० झूम?

गोंदियाकडे धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली, तर दूरचं जवळ आणणारी झूमच हवी. विणीच्या दिवसांत त्यांच्या जवळ जाऊच नये. ३०० एमएमला शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा कमी नको, फोटो हलतो.

पण पोळ्याच्या तोरणाखाली दिवेलागणीला एफ ४.५-५.६ ची झूम थकते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). एफ १.८ ची ५० एमएम तेव्हा ४.५ च्या सहापट उजेड आत घेते: बैलाच्या शिंगांचा ताजा रंग, झुलीवरचे आरसे, तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी ओढणारी पोरं, सगळं जिवंत उतरतं! शिवाय वजनाला हलकी, खिशालाही. गावात राहणाऱ्यानं आधी हीच घ्यावी. सारस दुर्बिणीतूनही मनसोक्त पाहता येतात.