मांडून काढावा की टिपून घ्यावा?

बातमीसाठी फोटो काढत असाल तर प्रश्नच नाही. तिथे कुणाला 'जरा डावीकडे सरका' म्हणणंही चालत नाही. पण स्वतःची फोटोमालिका करायची आहे आणि माणसं बसवून काढावीत की न सांगता टिपावीत यावर गाडी अडली असेल, तर माझा अनुभव सांगतो.

सहा वर्षं मी फक्त टिपणारा होतो. टिपलेल्या फोटोत चेहरे सैल असतात, हात कुठे ठेवायचे हा पेच नसतो. पाचशेतला एक निघतो, पण त्या एकावर आठवडा जातो.

मग वारीत, दिवे घाटात, दोन आज्या फुगडी घालताना दिसल्या. दमून खाली बसल्या, तर शेजारचा एकजण म्हणाला, "मावशी, एकदा परत, उजेड चांगलाय." बिचाऱ्या उठल्या. सात-आठ कॅमेरे वाजले, त्यात माझाही. घरी पाहिलं तर सगळ्यांत चांगला फोटो दुसऱ्या फुगडीचा. त्याखाली 'उत्स्फूर्त क्षण' असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. खटकलं ते हेच: मांडलेलं असूनही टिपलेलं म्हणून खपवणं.

एकटा मीच नव्हे म्हणा. फ्रेंच फोटोग्राफर रोबेर द्वानोच्या १९५० सालच्या फोटोतलं पॅरिसमधलं रस्त्यावरचं चुंबन लोकांनी वर्षानुवर्षं सहज टिपलेलं मानलं. ते जोडपं अभिनय शिकणारं होतं आणि द्वानोच्या सांगण्यावरून उभं होतं, हे १९९० च्या दशकात कोर्टकज्जा झाला तेव्हा सर्वांना कळलं. वस्तुनिष्ठतेचं नाव निघालं की जर्मन फोटोग्राफर बेखर दांपत्याचे पाण्याच्या टाक्यांचे फोटो पुढे येतात. पण ढगाळ आभाळाची वाट बघायची, कोन तोच समोरचा ठेवायचा, ही मला तरी मांडणीच वाटते. मतभेद असू शकतो.

अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेननं १९४८ मध्ये पेरूतल्या कुझकोत स्थानिक फोटोग्राफरचा स्टुडिओ भाड्यानं घेऊन माणसं बसवली. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. मीही आता मुक्कामाच्या गावी पांढरी चादर बांधतो आणि विचारून बोलावतो. निम्मे लोक पासपोर्टच्या फोटोसारखे ताठतात, हे कबूल. लहान मुलं आणि गर्दी तर यात बसतच नाहीत. त्यांना खुशाल टिपा.

पहिल्या फुगडीचेही चार फोटो आहेत माझ्याकडे. चारही हललेत.