बादलीत बुडवलेला पाऊच वेगळा, हातात दिलेला वेगळा

कोलाडला राफ्टिंगला निघाला असाल, तर फोनचा पाऊच तिथे जाऊन विकत घेऊ नका.

भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं, त्यावर कुंडलिकेतलं राफ्टिंग चालतं. साहजिकच निघताना सगळ्यांची घाई असते. त्या घाईत एका विक्रेत्याने स्वतःचा फोन पाऊचमध्ये घालून बादलीत बुडवून दाखवला. "दादा, आयपी६८ आहे, समुद्रात न्या!" ३५० रुपयांना एक, असे मी दोन घेतले. बायकोने तिचा फोन गाडीतच ठेवला, म्हणून तो वाचला.

पहिल्या मोठ्या लाटेनंतर पाऊच आतून धुरकट झाला. किनाऱ्याला लागेपर्यंत तळाशी पाणी साचलं होतं. मी घाबरून फोन पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला, ही माझी चूक. लगेच बंद करायला हवा होता, आणि चार्जिंगला तर लावायचाच नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये सिमच्या खाचेतली, पाणी लागलं की रंग बदलणारी खूण लाल झालेली दाखवली. पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत बसत नाही.

परतताना विक्रेत्याला गाठलं, तर म्हणाला, "तुम्ही लॉक नीट लावलं नसेल." बिल नव्हतंच.

खरी गोम घरी कळली. भाच्याने सहज काढलेल्या फोटोत विक्रेत्याच्या हातातल्या पाऊचची कड रुंद, वितळवून जोडलेली दिसते. आम्हाला दिलेल्यांची कड शिवलेली, वरून पारदर्शक पट्टी चिकटवलेली. शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरणारच.

आयपी म्हणजे धूळ-पाणी आत शिरू न देण्याचं मानांकन. आयपी६८ मधला ६ धुळीसाठी, ८ पाण्यासाठी. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल. पण किती खोल आणि किती वेळ, ते बनवणाऱ्याने सांगायचं असतं. आमच्या पाऊचवर खोली नाही, वेळ नाही, बनवणाऱ्याचं नावही नाही. शिवाय ही चाचणी शांत पाण्यात बुडवण्याची. जोराच्या झोताची चाचणी निराळी, तिचे आकडे ५ आणि ६. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्यात, पाणी थोबाडीत मारल्यासारखं येतं.

दुसरा पाऊच मी घरी तपासला. आत कोरडा टिश्यू पेपर आणि वजनाला दगड घालून बादलीत ठेवला. अर्धा तास ठेवणार होतो. दहा मिनिटांत कोपरा ओला झाला. नवा पाऊच घेतलात की फोन घालण्याआधी घरीच एवढं करा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. यूपीआयची नोंद आणि भाच्याचा फोटो जोडलाय, आणि तो दुसरा पाऊच टिश्यूसकट जपून ठेवलाय.