कॉर्नवॉल एअर अॅम्ब्युलन्स: लोकवर्गणीवर उडणारा आयसीयू

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, म्हणजे कॉर्नवॉलला, फिरायला जाणाऱ्यांनी ही सेवा आधीच समजून घ्यावी. ब्रिटनमधली ही पहिली एअर अॅम्ब्युलन्स, १ एप्रिल १९८७ पासून चालू. भिस्त मुख्यतः लॉटरी, जुन्या वस्तूंची दुकानं आणि मृत्युपत्रातून येणाऱ्या देणग्यांवर. २०२० साली आलेल्या एडब्ल्यू१६९ हेलिकॉप्टरसाठी २५ लाख पौंडांची मोहीम राबवली गेली. पेशंटला उड्डाणाचं बिल येत नाही. हॉस्पिटलात भरती झाल्यावर मात्र परदेशी पाहुण्याला खर्च लागू शकतो, त्यामुळे प्रवास विमा हवाच.

न्यूकी विमानतळावरच्या तळापासून लँड्स एंड, म्हणजे कॉर्नवॉलचं पश्चिम टोक, पंधरा मिनिटांच्या आसपास. उन्हाळ्याच्या गर्दीत, दोन्हीकडे उंच बांध असलेल्या तिथल्या अरुंद रस्त्यांनी तासाहून जास्त लागतो. पण आमच्या मते मोठी गोष्ट वेग नाही, आत बसलेली माणसं आहेत. क्रिटिकल केअर पॅरामेडिक (गंभीर पेशंटसाठी खास प्रशिक्षण घेतलेले अॅम्ब्युलन्स कर्मचारी) आणि डॉक्टर जागेवरच भूल देऊन श्वासनळीत नळी घालतात. छातीत कोंडलेली हवा बरगड्यांमधून छेद देऊन मोकळी करतात. एवढं झाल्यावर पुष्कळदा पेशंट साध्या अॅम्ब्युलन्सनेच जातो. हेलिकॉप्टर रिकामं परतलं म्हणून नातेवाइकांनी धास्तावू नये. गंभीर अपघातात मात्र जवळचं ट्रूरोचं हॉस्पिटल सोडून थेट प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलला नेतात, कारण मेजर ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींसाठीचं मोठं केंद्र, तिथे आहे.

केबिन उत्तम. पेशंटच्या डोक्यापासून पायापर्यंत हात पोहोचतो. शिवाय पाती थांबवून एक इंजिन फक्त विजेसाठी चालू ठेवता येतं, म्हणजे जमिनीवर असतानाही दिवे आणि हीटर चालतात. रक्तस्रावात अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही, तेव्हा ही ऊब फार कामाची.

उणीव एकच, पण मोठी: हवामान. समुद्रावरून धुकं चढलं, ढग खाली आले, की उड्डाण बंद. मग तीच टीम गाडीने निघते, आणि वेळेचा सगळा फायदा जातो.

बोलवायचं कसं? थेट नंबर नाही. आपल्याकडे १०८, तसा तिथे ९९९. हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही, ते कंट्रोल रूम ठरवते. तुमच्या मोबाइल कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर कॉल लागतो. पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय, रक्त किती जातंय आणि नेमकी जागा, हे आधी सांगा.

उतरताना साडेचार टनांच्या यंत्राखालचा वारा तंबू, छत्र्या, बाबागाड्या उडवतो. सगळं आवरा, मुलांना आणि कुत्र्यांना धरून लांब उभे राहा. क्रूने बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या बाजूने तर कधीच नाही, फिरताना शेपटीचा पंखा दिसत नाही.