एलटीस्पाइसचा वेव्हफॉर्म व्ह्यूअर : काही महिने रोज वापरल्यावर

सर्किट सिम्युलेशनचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, सर्किट काढायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ आलेला ग्राफ वाचण्यात जातो. आणि शिकवणारे मात्र 'रन' दाबून हिरवी रेघ उमटली की थांबतात! म्हणून हा अनुभव फक्त त्या रेघेनंतरच्या कामाचा, म्हणजे एलटीस्पाइस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या ग्राफ दाखवणाऱ्या खिडकीचा (वेव्हफॉर्म व्ह्यूअर). मी भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये डीसी-डीसी पॉवर सप्लायचं काम करतो, त्यामुळे उदाहरणंही त्यातलीच.

ओळख थोडक्यात. एलटीस्पाइस फुकट आहे आणि नोड्सच्या, म्हणजे सर्किटमधल्या जोडबिंदूंच्या, संख्येवर बंधन नाही. लिनिअर टेक्नॉलॉजीने ते बनवलं. २०१७ मध्ये ती कंपनी अॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली, तेव्हापासून ते त्यांच्या साइटवर मिळतं. मूळ स्पाइस, म्हणजे ज्यावर हे उभं आहे ते सिम्युलेटर, बर्कले विद्यापीठातलं, १९७३ सालचं. एलटीस्पाइसचे काही डायलॉग बॉक्स बघितले तर तेही त्याच साली रंगवले असावेत असं वाटतं.

पण प्रोब लावायची, म्हणजे कुठे काय मोजायचं ते दाखवायची, पद्धत अशी आहे की एकदा सवय लागली की दुसरीकडे हात चालत नाही. वायरवर क्लिक केलं की व्होल्टेज. एका नोडवर दाबून धरून दुसऱ्यापर्यंत ओढलं की त्या दोघांमधलं व्होल्टेज. कंपोनंटवर कर्सर नेला की त्याचा टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजायचं मीटर) होतो आणि करंट मिळतो. ऑल्ट दाबलं की थर्मामीटर, म्हणजे त्या कंपोनंटमध्ये जळणारी पॉवर. शेवटचं हे एकच फीचर असतं तरी मी हे सॉफ्टवेअर ठेवलं असतं.

उदाहरणच घ्या. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, लोड २ अँपिअर, स्विचिंग १०० किलोहर्ट्झ, डायोड शॉट्की. मॉसफेटवर, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर, ऑल्ट-क्लिक केलं की दर स्विचिंगला २४ वॅटच्या आसपास जाणारे सुळके दिसतात आणि नवा माणूस लगेच हीटसिंक शोधायला धावतो. सुळका टिकतो जेमतेम ५० नॅनोसेकंद. ट्रेसच्या (ग्राफमधल्या रेघेच्या) नावावर कंट्रोल धरून क्लिक केलं की दिसत असलेल्या भागाची सरासरी वॅटमध्ये आणि ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. हिशोब हातानेही जुळतो. सुळका त्रिकोणी धरला तर एकात ०.६ मायक्रोज्यूल, चालू-बंद मिळून १.२, म्हणजे सेकंदाला एक लाख सायकलींचे ०.१२ वॅट. मॉसफेटचा ऑन रेझिस्टन्स ४४ मिलिओहम असेल तर कंडक्शनचे, म्हणजे तो चालू असतानाचे, आणखी ०.०७. एकूण ०.२ वॅटच्या आत. हीटसिंकची गरजच नाही.

गोम एवढीच की सरासरी 'दिसत असलेल्या भागाची' असते. त्यामुळे झूम करताना पूर्ण सायकली पकडायच्या, इथे १० मायक्रोसेकंदांच्या पटीत. दीड सायकल दिसत असेल तर आकडा निमूटपणे चुकीचा येतो. झूमसाठी माउसने चौकोन ओढताना खालच्या पट्टीत त्याची रुंदी, उंची आणि फ्रिक्वेन्सी दिसते. रिपल, म्हणजे आउटपुट व्होल्टेजमधला बारीक चढउतार, झटकन मोजायचा तर कर्सर लावायचीही गरज नसते, चौकोन ओढायचा, आकडा वाचायचा आणि एस्केप.

आता जी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी ती. हा प्रोग्रॅम ट्रान्झियंट (वेळेनुसार सिग्नल दाखवणाऱ्या) रनचा डेटा आपणहून कॉम्प्रेस करून साठवतो. डोळ्यांनी बघायला काही फरक पडत नाही, पण एफएफटी, म्हणजे सिग्नलमध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत त्याचा आलेख, काढली की पडतो. निव्वळ साइन वेव्हच्या एफएफटीतही तळाशी असा काही गवताळ भाग उगवतो की अँप्लिफायरमध्येच डिस्टॉर्शन आहे असं वाटावं. उपाय हेल्पमध्ये आहे. सर्किटवर 'डॉट ऑप्शन्स प्लॉटविनसाइझ=०' ही टिंबाने (डॉट) सुरू होणारी कमांड लिहा, त्याच ओळीत 'नमडीजीटी=१५' द्या म्हणजे डेटा डबल प्रिसिजनमध्ये (जास्त अंकांच्या अचूकतेने) साठतो, आणि कमाल टाइमस्टेप सिग्नलच्या पीरियडच्या मानाने बराच लहान ठेवा. तळ लगेच खाली जातो. नुसता टीएचडीचा (एकूण हार्मॉनिक डिस्टॉर्शनचा) आकडा हवा असेल तर एफएफटीच्या वाटेला न जाता 'डॉट फोर' कमांड वापरा. उत्तर एरर लॉगमध्ये येतं. उत्तरं एरर लॉगमध्ये का छापतात, हे त्यांनाच ठाऊक.

कॉम्प्रेशन बंद केलं की रनचा डेटा साठवणारी 'डॉट रॉ' फाइल फुगते. मोठ्या रनला ती सहज काही जीबीची होते, कारण प्रत्येक नोडचं व्होल्टेज आणि प्रत्येक कंपोनंटचा करंट तिच्यात भरला जातो. 'डॉट सेव्ह' देऊन हवे तेवढेच सिग्नल ठेवता येतात, पण मग वरचा थर्मामीटर बाकीच्या ठिकाणी चालत नाही. मी आधी छोटा रन सगळ्या सिग्नलसकट करतो, लांबचा रन 'सेव्ह' लावून.

कपॅसिटर किंवा इंडक्टरच्या व्हॅल्यू बदलत 'डॉट स्टेप' चालवलं की एकाच ट्रेसच्या अनेक रेघा एकमेकींवर येतात. कुठली कुणाची कळत नाही. ट्रेसवर कर्सर लावून वर-खाली बाणांनी रेघ बदलता येते आणि कर्सरवर राइट क्लिक केलं की ती कुठल्या व्हॅल्यूची आहे ते कळतं. त्याहून बरं म्हणजे 'डॉट मेझर'ने रिपल मोजायला सांगायचं आणि लॉगमध्ये राइट क्लिक करून स्टेपनुसार त्याचा आलेख काढायचा. पाच-सहा इंडक्टरांतून एक निवडताना तेवढ्या रेघांच्या गुंत्यापेक्षा ही एकच रेघ कामाची.

वैताग आणणाऱ्या गोष्टी? काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद निळा ट्रेस, तो सेटिंगमधून आधी बदला. रेझिस्टर फिरवून ठेवला की करंटचं चिन्ह उलटतं, म्हणून टाँग टेस्टरवरचा बाण बघूनच क्लिक करायचं.

कायकॅड या सर्किट आणि बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधून एनजीस्पाइस हे दुसरं सिम्युलेटरही वापरून पाहिलं. ते ओपन सोर्स आहे आणि स्क्रिप्टमधून चालवायला जास्त सोपं. एफएफटीआधी तिथे 'लिनिअराइझ' (डेटा समान वेळअंतरावर आणणारी) ही कमांड स्वतः द्यावी लागते, त्यामुळे डेटाचं काय होतंय ते निदान समोर दिसतं. पण टेबलावर बसून भराभर प्रोब लावायचे असतील तर मी एलटीस्पाइसच उघडतो.

एक मात्र करा, महत्त्वाच्या नोड्सना लेबल लावा. नाहीतर प्रोग्रॅम 'एन००७' अशी नावं आपणच देतो आणि सर्किटमध्ये एखादा कंपोनंट वाढला की ते क्रमांक सरकू शकतात. मग सेव्ह केलेल्या प्लॉट सेटिंग्ज उघडल्यावर आउटपुटच्या जागी भलताच नोड दिसतो.