आरएक्स १००चा ऑईल पंप बंद, टाकीत मिक्स : पावसाळा ते उन्हाळा, साताऱ्यातला अनुभव

गाडी १९९४ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक. रोज चालत नाही, पण कव्हर घालून शोभेला ठेवलेलीही नाही. एमआयडीसी, पोवई नाका, रविवारी यवतेश्वर चढून कास, मनात आलं तर वाई-पाचगणी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिचा ऑईल पंप, म्हणजे इंजिनला वंगणाचं ऑईल पुरवणारा पंप, बिघडला. बंद पडला असता तर गोष्ट वेगळी, हा नको तेव्हा द्यायला लागला. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑईल झिरपून आत उतरायचं आणि सकाळी किक मारली की गल्लीभर धूर. समोरच्या काकू कपडे वाळत घालायच्या आधी विचारायला लागल्या, "गाडी काढणार आहेस का रे आत्ता?"

मिस्त्रींनी उपाय सांगितला तो आरएक्सवाल्या बहुतेकांना सांगितला जातो तोच. "मालक, पंपाच्या नादी लागू नका. प्लेट मारतो, टाकीत मिक्स मारा, विषय संपला." नवा पंप मिळेना, जुना एक दाखवला तो आमच्या पंपापेक्षा थकलेला. मग प्लेट मारली, म्हणजे पंप काढून त्याची जागा प्लेटने बंद केली आणि ऑईल थेट पेट्रोलच्या टाकीत मिसळायला लागलो.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जाते. त्यामुळे फोर-स्ट्रोकसारखं खाली ऑईल भरून ठेवायची सोय नाही. बेअरिंगला, पिस्टनला जे काही वंगण मिळायचं ते येणाऱ्या पेट्रोल-हवेबरोबरच मिळणार आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून जाणार. चेतक, प्रिया, राजदूतवाले ते थेट टाकीत घालायचे. यामाहाने १९६४ साली ऑटोलूब आणलं, म्हणजे वेगळी ऑईल टाकी आणि इंजिनवर चालणारा छोटा पंप. आरएक्सची ॲक्सिलरेटर केबल पुढे दोन फाट्यांत जाते, एक कार्बोरेटरला आणि एक या पंपाला. ही दुसरी केबल काय काम करते ते पंप असेपर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. मलाही ते घाटात नीट कळलं, ते पुढे सांगतो.

प्लेट मारून घेणार असाल तर एक गोष्ट समोर उभं राहून बघा. पंपातून येणारी बारीक नळी काढल्यावर तिचं भोक पक्कं बंद झालं पाहिजे. ते उघडं राहिलं तर तिथून हवा ओढली जाते, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन तापतं. मग टाकीत कितीही ऑईल घाला, उपयोग शून्य.

प्रमाण. मिस्त्री म्हणाले लिटरला ४० मिली. तेवढ्यावर काही दिवस चालवली. सायलेन्सरच्या टोकाला काळा चिकट लगदा, प्लग ओला, धूर पंपाच्या वेळचाच. जास्त ऑईल म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. वास्तविक जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, जाणाऱ्या प्रत्येक थेंबात ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे गाडी थोडी लीनच होते. फरक थोडा असतो, पण असतो. मग ३० मिलीवर आलो आणि शेवटी २५वर, म्हणजे एकास चाळीस. ऑईल मात्र जासो (टू-स्ट्रोक ऑईलचं जपानी मानक) एफडी दर्जाचंच घेतलं. एफसीत धूर कमी, एफडीत त्याशिवाय कार्बन धुऊन ठेवायची ताकद जास्त. सुटं, बिनलेबलचं ऑईल फुकट मिळालं तरी घालू नका. २५ मिली आणि चांगलं ऑईल यावर प्लग बदामी झाला, म्हणजे जळण नीट व्हायला लागलं, आणि काकूंची चौकशी थांबली. मायलेजमध्ये मला काही फरक जाणवला नाही.

मोजायला मेडिकलमधून सुई नसलेली ५० मिलीची सिरिंज आणली. चार लिटर पेट्रोल म्हणजे दोन सिरिंज. आधी ऑईल, मग वरून पेट्रोल. नोझलच्या जोरानेच ते मिसळतं, गाडी हलवत बसायची गरज नाही. पंपावरची पोरं हे सगळं थांबून बघतात. एकाने विचारलं, "काका, टाकीला इंजेक्शन देताय?" मागे लाईन असली की मात्र हॉर्न सुरू होतात, आणि थंडीत ऑईल सिरिंजमधून काही केल्या लवकर उतरत नाही.

आता पेट्रोलबद्दल, कारण मिक्सचा खरा वांधा तिथे आहे. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साताऱ्या-सांगलीत ऊस पिकवणाऱ्यांनी त्याबद्दल काय तक्रार करायची! पण इथेनॉल पाणी ओढतं. ठराविक मर्यादेपुढे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोल सोडून वेगळं होतं आणि तळाला बसतं. ऑईल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. आणि टाकीचा कॉक, म्हणजे खालची तोटी, पेट्रोल घेतो तळातून.

श्रावणात गाडी पत्र्याच्या शेडमध्ये बरेच दिवस उभी होती, टाकीच्या झाकणाचं रबर आधीच कडक झालेलं. बाहेर काढायच्या आधी नळी सोडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं. माझं ऑईल हिरवं आहे. बाटली जरा स्थिर झाल्यावर वर हिरवट थर आणि खाली बोटभर बिनरंगाचा, किंचित गढूळ थर. तशीच किक मारली असती तर इंजिनला पहिल्यांदा मिळालं असतं ते हे खालचं, ज्यात ऑईल जवळजवळ नाहीच. पंपाच्या गाडीतही असलं पेट्रोल वाईटच, पण तिथे ऑईल वेगळ्या टाकीतून येतं, निदान कोरडी तरी फिरत नाही. त्यानंतर झाकणाचं रबर बदललं आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवतो. इथेनॉलमुळे मिक्श्चर लीनकडे झुकतं म्हणून मेन जेटही एक नंबर वाढवला. ते काम पंप असला तरी करावं लागलंच असतं.

घाट. चढताना मिक्सला नाव ठेवायला जागा नाही. ॲक्सिलरेटर उघडा, पेट्रोल भरपूर, म्हणजे ऑईलही भरपूर. प्रश्न उतरताना येतो. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना गाडी सेकंडला, मूठ पूर्ण सोडलेली, इंजिन मात्र चांगलंच फिरतंय. कार्बोरेटरमधून येतंय ते आयडलपुरतं पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं तेवढंच ऑईल. आरपीएम उताराचे, वंगण सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं. ऑटोलूब पंप हे हिशेबात धरतो. तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो आणि मूठ सोडली तरी त्याचा किमान स्ट्रोक चालूच राहतो, त्यामुळे फेऱ्या वाढल्या की ऑईल वाढतं, पेट्रोल येवो न येवो. त्या दुसऱ्या केबलचं काम एवढंच, की मूठ उघडली की वरून आणखी द्यायचं.

म्हणून उतारावर दर वळणाआधी मूठ क्षणभर उघडून सोडायची सवय लावून घेतली. क्लच दाबून गाडी सोडून देता येते, पण पुढचा ड्रम ब्रेक आणि पसरणीची लांबी बघता मी ते करत नाही. मूठ उघडत उतरायचं म्हणजे मागे बसलेल्या बायकोला वाटतं की आपल्याला मुद्दाम धक्के देतोय.

हे सगळं मी मेहुण्याला फोनवर सांगत होतो. तो न्यूझीलंडला असतो आणि त्याच्याकडे माझदा आरएक्स-८ आहे, रोटरी इंजिनची. तिकोनी रोटरच्या टोकांना एपेक्स सील असतात, ते हाउसिंगवर सतत घासतात आणि त्यांनाही जळून जाणारं ऑईल लागतं. कंपनीने त्यासाठी मीटरिंग पंप दिलाय, तो इंजिनमधलंच ऑईल थोडं थोडं आत सोडतो. तरीही ही मंडळी टाकीत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल, घालतात. कारण दोन. इंजिन ऑईल जळण्यासाठी बनवलेलं नसतं, राख सोडतं. शिवाय सुरुवातीच्या आरएक्स-८मध्ये एका रोटरला ऑईलचे दोनच नोझल, तेही कडांकडे, त्यामुळे सीलच्या मधल्या भागाला ऑईल कमी पोहोचतं. २००९च्या सुधारित गाडीत कंपनीने तिसरा नोझल वाढवला. मेहुणा लिटरला पाच-सहा मिली घालतो, पंप चालू ठेवून. मी म्हटलं, मग पंप काढूनच टाक की. तर म्हणतो, "दाजी, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन पेट्रोल बंद करतं. पेट्रोलच नाही तर त्यातलं ऑईल कुठून येणार? रेसवाले काढतात पंप, मला घरी पोहोचायचंय." एवढ्या लांब, एवढी वेगळी गाडी, आणि अडचण आमच्या पसरणीचीच.

मिक्सच्या गाडीचा आणखी एक धोका म्हणजे घरातली माणसं. दिवाळीत पुतण्या गाडी घेऊन मेढ्याला गेला आणि प्रामाणिकपणे पेट्रोल भरून आणून दिली. नुसतं पेट्रोल. आधीचं मिक्स टाकीत निम्मं होतं म्हणून निभावलं. आता टाकीच्या झाकणाजवळ लाल अक्षरांत "ऑईल मिक्स" लिहून ठेवलंय आणि सिरिंज टूलबॉक्समध्ये असते.

मार्चमध्ये ब्लॉक उघडून घेतला. पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला बारीक उभ्या रेघा होत्या. मिस्त्रींनी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, अडकलं नाही. बोअर चकचकीत, छोट्या एंडच्या बेअरिंगला खेळ नाही, पिस्टनवर कार्बन पंपाच्या वेळेपेक्षा कमी. "बघा, बोललो होतो," म्हणाले. त्या रेघा मिक्समुळे की पंपाच्या शेवटच्या दिवसांतल्या, हे त्यांनाही सांगता येईना.

मी पंप परत बसवतोय. कोल्हापुरातून सील किट मिळालंय, आतला बॉल व्हॉल्व्ह आणि केबल नवीन टाकणार, मग खुणा जुळवून सेटिंग. सपाटीवर फिरणाऱ्या, रोज चालणाऱ्या आणि एकाच माणसाच्या हातातल्या गाडीला मिक्स चांगलं आहे, कराड-सांगली पट्ट्यातल्या माणसाला मी ते खुशाल सुचवेन. यवतेश्वर किंवा पसरणी रोजची असेल तर पंप दुरुस्त करून घ्या. आणि प्लेट मारलीच तर काढलेला पंप, त्याचा गिअर आणि दोन फाट्यांची केबल मिस्त्रींकडे सोडून येऊ नका, घरी आणून ऑईल लावून ठेवा. गिअर शोधायला मला सगळ्यात जास्त फिरावं लागलं.