डॉट इन डोमेन: पुण्यातल्या दुकानदाराच्या नजरेतून

डॉट इन (.in) म्हणजे वेबसाइटच्या नावाचं, अर्थात डोमेनचं, भारताचं शेपूट. पात्रतेच्या बाबतीत ते अगदी मोकळं. कंपनी लागत नाही, शॉप ॲक्ट लागत नाही, भारतातला पत्ताही सक्तीचा नाही. लक्ष्मी रोडवरचं दुकान असो की परदेशातली फर्म, आधी मागेल त्याला नाव मिळतं. डॉट सीओ डॉट इनही तसंच खुलं. मात्र गव्ह डॉट इन सरकारसाठी, एसी डॉट इन शिक्षणसंस्थांसाठी राखीव.

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन चालतो. हायफन सुरुवातीला किंवा शेवटी नको. मुदत 1 ते 10 वर्षं. पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आणि वरचा 18 टक्के जीएसटी आधी बघा.

खरा घोळ होतो तो नोंदणीच्या अर्जातल्या मालकाच्या रकान्यात. वेबसाइट करणारा पोरगा घाईत स्वतःचं नाव, स्वतःचा ईमेल टाकतो. पुढे त्याच्याशी बिनसलं की डोमेन कागदोपत्री त्याचंच! ईमेल दुकानाचा द्या, ओटीपी स्वतःच्या फोनवर घ्या. नाव-पत्ता लपवणारी प्रायव्हसी सेवा इथे चालत नाही, आणि खोटी माहिती भरलीत तर डोमेन गोठू शकतं.

डॉट भारत देवनागरीत मिळतं, दिसतंही झकास. पण 'मिठाई' घेतलंत तर 'मीठाई' टाइप करणारं गिऱ्हाईक भलतीकडे जाणार, आणि कित्येक फॉर्म असा ईमेल स्वीकारतच नाहीत. पाटीवर ते लावा, बिलावर डॉट इनच छापा.